आईला घेऊन तिलोसला

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने आम्हा दोघांना फर्मान काढलं की प्रवासावर बोला, अर्ध्या तासात आटपा आणि फोटो फार दाखवू नका, कारण मागे बटाटेवडे गार होतात. तिन्ही अटी मान्य. तिकीट काढून, चांगल्या कामासाठी पैसे देऊन तुम्ही आलेले आहात, तेव्हा निदान थोडं उपयोगी पडेल असं काही सांगावं, म्हणून हा विषय घेतला: ग्रीसच्या एखाद्या लहानशा, शांत बेटावर स्वतःचं स्वयंपाकघर असलेली खोली घेऊन राहणं, आणि तेही घरच्या वडीलधाऱ्या माणसाला घेऊन.

अशा खोलीला तिकडे 'स्टुडिओ' म्हणतात. आपल्याकडे स्टुडिओ म्हटलं की एकतर फोटो, नाहीतर सिनेमा. इथे अर्थ साधा आहे. एक खोली, त्यात पलंग, एका भिंतीला लहानसा ओटा, दोन विजेच्या शेगड्या, कमरेएवढा फ्रिज, चार ताटल्या, दोन पातेली, एक न कापणारी सुरी (ही प्रत्येक स्टुडिओत असते, बहुधा नियमच असावा), न्हाणीघर आणि बाहेर सज्जा. हॉटेलांना तारे असतात तसे ग्रीसमध्ये या भाड्याच्या खोल्यांना 'चाव्या' असतात, एक ते चार. आमच्या खोलीला दोन चाव्या होत्या. प्रत्यक्षात मात्र दाराला एकच, आणि तीसुद्धा दिवसभर दारातच लटकलेली.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. बेसिंगस्टोकमधल्या बहुतेक मराठी घरांत तो कधी ना कधी येतोच. आई-बाबा मे-जूनमध्ये सहा महिन्यांच्या व्हिसावर येतात. पहिले पंधरा दिवस कौतुकात जातात. लंडन होतं, स्टोनहेंज होतं, विंचेस्टरचं कॅथेड्रल होतं, फेस्टिव्हल प्लेसमधल्या दुकानांना चार फेऱ्या होतात. मग आपण कामावर, नातवंडं शाळेत, आणि ते दोघं, किंवा मागे उरलेलं एकच माणूस, पुढच्या खोलीतल्या खिडकीशी. आपल्या गावाला लोक गमतीने 'डोनट सिटी' म्हणतात ते राउंडअबाउटांमुळे. लंडनची वाढती वस्ती सामावून घ्यायला १९६० च्या दशकापासून हे गाव वाढवलं, ते मोटारगाडी गृहीत धरूनच. गाडीवाल्याला ठीक आहे. पण पंचाहत्तरी ओलांडलेल्या, साडी नेसून पायी निघणाऱ्या बाईला प्रत्येक राउंडअबाउट म्हणजे पुराची नदी. खालून भुयारी वाट असते हे खरं, पण त्या वाटेने एकटं जायला आम्हालाच संध्याकाळी नको वाटतं, तर तिला काय सांगणार?

आमच्याकडे आई आली २०२४ च्या मेअखेर. (आमच्यापैकी एकाची आई, एकाची सासू. कोणाची कोण हे विचारू नका, घरात दोघंही आईच म्हणतो.) वय शहात्तर, ब्लड प्रेशरची गोळी, एक गुडघा कुरकुरणारा, बाकी ठणठणीत. माहेर राजापूरजवळचं. रत्नागिरीला स्वतःचं घर आहे, आणि तिथे ती भाजी, बँक, देऊळ सगळं एकटीने करते. इथे साडेतीन महिन्यांत कोपऱ्यावरच्या लाल पोस्टपेटीपलीकडे एकटी गेली नाही. तक्रार कधी केली नाही. फक्त ऑगस्टमध्ये एकदा, टीव्ही बंद करून, अगदी सहज म्हणाली, "आज कोणता वार रे?" वार न चुकवणारी बाई. त्या दिवशी आम्ही ठरवलं की हिला कुठेतरी न्यायचं.

पण कुठे? आई बाहेरचं फारसं खात नाही. एकदा एका मोठ्या हॉटेलात, 'सगळं समाविष्ट' वगैरे असलेल्या, तिला चार दिवस ठेवलं होतं. चाळीस पदार्थ मांडलेले आणि तिच्या ताटात पाव, केळं, काकडी. तिचं दुःख भुकेचं नव्हतं. आपल्यासाठी सगळ्यांना विचारत फिरावं लागतंय, यात काय आहे, त्यात काय आहे, याचा तिला संकोच. म्हणून या वेळी ओटा असलेली खोली.

इथे आमच्या मैत्रिणींचा मुद्दा लगेच आला: "सुट्टीतही स्वयंपाक? मग ती सुट्टी कोणाची?" मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे. घरातल्या एका बाईने इथला ओटा सोडून तिथल्या ओट्याशी उभं राहायचं असेल, तर विमानाचे पैसे कशाला घालवा? म्हणून आम्ही निघण्याआधीच करार केला. सकाळचं आणि दुपारचं घरात, रात्रीचं बाहेर. भांडी आमच्यातल्या पुरुषाकडे. आणि आईने ओट्याला हात लावायचा नाही. हे तिसरं कलम पहिल्या दिवशीच मोडलं, ते कसं ते पुढे येईलच.

बेट निवडलं तिलोस. रोड्स आणि कोस या दोन मोठ्या, गजबजलेल्या बेटांच्या मधे हे लहानसं बेट आहे. क्षेत्रफळ सुमारे साठ चौरस किलोमीटर, वस्ती साडेसातशेच्या आसपास. विमानतळ नाही, आणि शांततेचं निम्मं गुपित त्यातच आहे. जिथे विमान उतरत नाही तिथे गर्दी उतरत नाही. बंदराचं गाव लिवादिया, आणि आत डोंगराच्या उतारावर मेगालो खोरिओ, म्हणजे 'मोठं गाव'. मोठं म्हणजे किती, तर आपल्या मंडळाच्या गणपतीला याहून जास्त माणसं येतात.

त्या वर्षी गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती. दीड दिवसाच्या गणपतीचं विसर्जन ८ तारखेला केलं, १० ला गॅटविकहून रोड्स, एक रात्र तिथे, आणि ११ ला बोट. जलद बोटीने सुमारे दोन तास लागतात. आम्हाला काळजी की आईला बोट लागेल. आई मात्र कठड्याला धरून उभी, पदर कंबरेला खोचलेला, आणि आम्हालाच सांगतेय की लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून बोटीने मुसाकाजीला कशी जायची, बोट धक्क्याला लागत नसे, मग भर समुद्रात पडावात उतरायचं, बायकांना आणि पोरांना खलाशी हाताला धरून उतरवायचे, आणि एकदा एका मामींचं लाडवांचं डबडं पाण्यात पडलं ते त्या मरेपर्यंत विसरल्या नाहीत. कोकणच्या बोटी बंद होऊन कित्येक वर्षं झाली. एजियन समुद्रावर त्या पुन्हा सुरू झालेल्या आम्ही पाहिल्या!

आता डब्याची गोष्ट, कारण तुम्ही सगळे तेच विचारणार आहात. ब्रिटन युरोपीय संघाबाहेर पडल्यावर, जानेवारी २०२१ पासून, इथून तिकडे जाताना दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, चितळ्यांची आंबा बर्फी नाही. ताजी फळं-भाज्या नाहीत, त्यात कढीपत्ता आला. गंमत म्हणजे नारळ, केळी, खजूर, अननस आणि फणसाचा दूरचा वास असलेलं ते डुरियन, एवढ्या पाच फळांना मोकळीक आहे. तेव्हा आमच्या बॅगेत गोडा मसाला, हिंग, मोहरी, जिरं, हळद, वेलची, साबुदाणा आणि एक नारळ. नारळ आईने मुद्दाम वर ठेवला होता, अधिकाऱ्याने विचारलंच तर दाखवायला. कोणी विचारलं नाही.

खोली समुद्रापासून दोन गल्ल्या मागे होती, तळमजल्यावर (हे आधी पत्र घालून मागून घ्यावं, गुडघ्यांचा प्रश्न असतो). वर गच्चीवर सूर्यावर पाणी तापवणारी टाकी, पुण्यात असते तशीच. मालकीण सत्तरीच्या पुढची, काळ्या झग्यातली, मागच्या घरात राहणारी. इंग्रजी वीसेक शब्द. नाव सांगायचं कारण नाही. आम्ही तिला नुसतं 'किरिया' म्हणत असू, म्हणजे 'बाई'. तिने पहिल्यांदा न्हाणीघर दाखवलं आणि कागद संडासात टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात टाकायचा, हे हातवारे करून समजावलं. ग्रीसमध्ये नळ अरुंद असतात, तुंबतात, म्हणून ही पद्धत. आईने शांतपणे बॅगेतून आपला प्लास्टिकचा तांब्या काढून दाखवला. दोघी जणी पाच मिनिटं हसत होत्या. ओळख झाली ती अशी.

मग आईने ओट्याचा ताबा घेतला. "बाजूला व्हा, तुम्हाला सापडायचं नाही काही," म्हणाली, जणू ती तिथेच लग्न करून आली होती. कॉफी करायचं लांब दांड्याचं चिमुकलं भांडं असतं, त्याला ते 'ब्रिकी' म्हणतात. आई म्हणाली, हे तर फोडणीचं कढलं. दहा दिवस त्या ब्रिकीत मोहरी तडतडली. (जाताना व्हिनेगरने तीन वेळा घासून ठेवली. पुढच्या पाहुण्याच्या कॉफीला हिंगाचा वास आला असेल तर तो आमचाच.)

दुकानात गेलो तर आईला निम्मी ओळखीची मंडळी भेटली. वाटाण्याची पिवळी डाळ, तिला ते 'फावा' म्हणतात आणि शिजवून घोटून वर कांदा नि तेल घालून खातात. आपलं घट्ट वरणच ते, फक्त हिंग-हळदीविना. मसूर, छोले, दलिया, रवा. भेंडी, तीसुद्धा बोटभर लांबीची, कोवळी. ताटात वाढलं जाणारं ते घट्ट दही म्हणजे चक्का, टांगायचीसुद्धा गरज नाही. किरियाच्या परसात आईने आधी घोळ ओळखली, मग माठाच्या जातीची एक पालेभाजी. आपण ज्याला साखर म्हणतो त्याला ते 'झाखारी' म्हणतात आणि मिरीला 'पिपेरी'. हे दोन्ही शब्द फार जुन्या काळी आपल्याकडूनच तिकडे गेलेले, शर्करा आणि पिप्पली. तसे ग्रीक लोक आपल्यालाही नवे नाहीत. एकवीरेला जाता तेव्हा शेजारच्या कार्ल्याच्या लेण्यातले खांब जरूर पाहा. त्यांतल्या काहींवर दान देणाऱ्या 'यवनां'ची नावं कोरलेली आहेत. आईने एकवीरेच्या पायऱ्या आयुष्यात पंधरा वेळा चढल्या असतील, पण हे तिला तिलोसमध्ये कळलं.

दुपारी गाव मिटतं. दुकानं बंद, रस्ते ओस, मांजरंसुद्धा सावलीत आडवी. उन्हाळ्यात दुपारी तीन ते साडेपाच शांतता पाळावी असा ग्रीसमध्ये चक्क नियम आहे. पुण्यातल्या दुकानदारांना लोक उगाच नावं ठेवतात, त्यांना फक्त कायद्याचा आधार मिळाला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी उठलो तर आई खोलीत नाही. चपला नाहीत, छोटी पिशवी नाही. आमच्या पोटात गोळा. बाहेर पडतो तोच समुद्राकडच्या वाटेने आई येतेय, हातात कागदात गुंडाळलेला गरम पाव. "एना प्सोमी म्हटलं की देतो तो," म्हणाली. म्हणजे 'एक पाव'. किरियाने आदल्या संध्याकाळी शिकवलं होतं. सुटे पैसे तळहातावर मोजून दाखवले, बरोबर परत दिलेले. लिवादियाची किनाऱ्याची वाट सपाट आहे, गाड्या थोड्या, समोरून येणारा प्रत्येक जण 'कालिमेरा' म्हणतो आणि उत्तराची वाट बघतो. त्या दिवसापासून पाव आणायचं काम आईकडे. बेसिंगस्टोकला जे साडेतीन महिन्यांत झालं नाही ते इथे तिसऱ्या दिवशी झालं. त्याची किंमत काय होती हे ज्यांचे आई-वडील खिडकीशी बसतात त्यांना वेगळं सांगायला नको.

१४ सप्टेंबरची गोष्ट जरा सविस्तर सांगतो. तो त्यांचा पवित्र क्रूसाचा सण. त्या दिवशी देवळात 'वासिलिकोस'ला, म्हणजे आपल्या सब्जाच्या जातीच्या तुळशीला, मोठा मान. सेंट हेलेनाला क्रूस जिथे सापडला तिथे हे रोप उगवलेलं होतं अशी त्यांची कथा आहे. तिथे घरोघरी दाराशी तुळशीची कुंडी असते, पण ती खाण्यापेक्षा वासासाठी आणि मायेने ठेवलेली. किरिया देवळातून आली ती हातात तुळशीची एक डहाळी घेऊन, आणि तिने ती आईला दिली. आईने दोन्ही हातांत घेतली, कपाळाला लावली. दोघींपैकी कोणी काही बोललं नाही.

थोड्या वेळाने किरिया ताटली घेऊन आली: रव्याचा हलवा. तेलावर भाजलेला, दालचिनी घातलेला, आणि प्रमाण अगदी सरळ, ते तिने बोटांवर दाखवलं: एक वाटी तेल, दोन रवा, तीन साखर, चार पाणी. तूप-लोणी का नाही? कारण त्या दिवशी त्यांचा उपास, आणि उपासाला दूध-दुभतं चालत नाही. आईने ताटली घेतली आणि तिचा चेहरा पडला. त्या दिवशी भाद्रपद शुद्ध एकादशी होती. उपासाला रवा कसा चालेल? इकडे आईने सकाळीच किरियासाठी चक्क्याचं श्रीखंड करून फ्रिजमध्ये ठेवलेलं, वेलची घालून. ते किरियाला चालेना!

आम्ही मधे दुभाषे म्हणून उभे, आणि दोन म्हाताऱ्या एकमेकींकडे बघतायत, की देव एकाच दिवशी दोघींना उपाशी ठेवतो आणि एकमेकींचं खाऊ देत नाही. मग आईने बटाट्यांची पिशवी उचलली. उपासाची भाजी, जिरं, मिरची, मीठ. एरवी ती तुपावर करते. पण तूप सरकारने आणू दिलं नव्हतं, म्हणून तेलावर. ती दोघींच्याही उपासाला चालली. सज्ज्यात बसून दोघींनी एका ताटलीतून खाल्ली. किरियाने तिखटाने डोळे पुसले आणि अजून मागितली. हलवा आईने झाकून ठेवला आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीचं पारणं त्याच हलव्याने सोडलं. श्रीखंड किरियाने त्याच दिवशी तिच्या भाचरांना वाटलं.

हॉटेलात हे घडलं नसतं असं म्हणणं सोपं आहे. पण स्टुडिओतही आपोआप घडत नाही. तिथे सात दिवस पडदे लावून, इंग्लंडहून नेलेली नूडल्स खाऊन परत येणारी माणसं आम्ही पाहिली. दार उघडं ठेवायला हवं, आणि वाटीभर काहीतरी करून शेजारी द्यायला हवं. हे आपल्या आया न शिकवता करतात.

बेटावर पाहायला काय? एक गंमत सांगतो. लिवादियाहून मेगालो खोरिओच्या वाटेवर खार्काडिओ नावाची गुहा आहे. १९७१ मध्ये अथेन्स विद्यापीठाच्या निकोलाओस सिमेओनिदिस यांना तिथे हत्तींची हाडं सापडली. आणि हत्ती कसले, तर बुटके, माणसाएवढ्या उंचीचे. बेटावर अडकलेल्या मोठ्या प्राण्यांची पिढ्यान्‌पिढ्या उंची घटत जाते, कारण खायला थोडं आणि मागे लागणारा वाघ-सिंह नाही. काही हजार वर्षांपूर्वीपर्यंत ते तिथे हिंडत होते. नुकतंच गणपतीचं विसर्जन करून आलेल्या आईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "एवढासा हत्ती? मग उंदीर केवढा असेल!" हसू नका. बेटांवर लहान प्राणी मोठे होत जातात असंही शास्त्रज्ञ सांगतात, तेव्हा प्रश्न बिनतोड होता.

आणखी एक जागा. लिवादियाच्या वर डोंगरात मिक्रो खोरिओ आहे, 'लहान गाव'. पूर्वी चाच्यांच्या भीतीने लोक वर राहायचे. मग ती भीती गेली, बंदरावर कामधंदा वाढला, आणि एकेक घर खाली उतरत १९६० च्या दशकापर्यंत गाव पूर्ण रिकामं झालं. निघताना छपरांची लाकडंसुद्धा उतरवून खाली नेली असं तिथे सांगतात. आज नुसत्या दगडी भिंती, चुली, कोनाडे, आणि मधे पांढरं चर्च. एक दिवस भाड्याची गाडी घेऊन आईला तिथे नेलं.

ती एका घरात शिरली आणि आम्हाला सांगत सुटली, ही पडवी, इथे जातं असेल, हा देवाचा कोनाडा. बरोबर असेल किंवा नसेल. मग उंबऱ्यावर बसली. राजापूरकडचं तिचं माहेर तुमच्यातल्या काहींनी पाहिलंय. चौदा खोल्यांचं घर, वर्षातले अकरा महिने कुलूप, गणपतीत चाकरमानी आले की दहा दिवस दिवे. तिलोसचे लोकही अमेरिका-ऑस्ट्रेलियाला गेले, आणि त्यांचेही चाकरमानी येतात, १५ ऑगस्टला, मारियामातेच्या सणाला. आम्ही हे सगळं हौसेने तिला समजावून सांगत होतो. ती ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण ही माणसं दोन मैल खाली गेली. आपली कुठे गेली?" यावर आमच्याकडे उत्तर नव्हतं. गाडीत बसून खाली आलो.

मात्र लिवादिया रिकामं झालं नाही, आणि त्याचं एक कारण या खोल्याच आहेत. एका घराच्या मागे चार स्टुडिओ, त्यावर एका मुलाचं कुटुंब गावात टिकतं. पैसे हॉटेलच्या दूरच्या मालकाकडे जात नाहीत. पाववाल्याकडे, कोळ्याकडे, किरियाकडे जातात. आपल्या कोकणातही निवास-न्याहारी योजना आहे आणि काही गावांत घरं उघडी राहिली ती त्यामुळेच. पण तिलोसने आणखी काही केलंय. १९९३ पासून बेटावर शिकार बंद. वीज कोसहून समुद्राखालच्या तारेने यायची आणि वरचेवर जायची. २०१५ मध्ये युरोपीय संघाच्या मदतीने प्रकल्प सुरू झाला, आणि आता बेटावर ८०० किलोवॉटची पवनचक्की, १६० किलोवॉटची सौरवीज आणि ती साठवायला बॅटऱ्या आहेत. डिसेंबर २०२१ मध्ये कचऱ्याचे रस्त्यावरचे डबे काढून घरोघरी वेगवेगळा कचरा गोळा करायला सुरुवात झाली. आम्ही किरियाकडून नियम समजून घेत होतो तोवर आईने ओला आणि सुका वेगळा करूनही टाकला होता. रत्नागिरीत घंटागाडीला रोज तेच करते ती.

शेवटी कामाच्या गोष्टी, लिहून घ्या. भारतीय पासपोर्टवर येणाऱ्या आई-वडिलांचा शेन्गेन व्हिसा तिकडून निघण्याआधी मुंबईतच काढून ठेवावा. इथे पाहुणे म्हणून आल्यावर तो मिळवणं फार कठीण. त्याला किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा लागतो, आणि तो नुसता कागदासाठी घेऊ नका. तुमचं आमचं युरोपातलं आरोग्य कार्ड त्यांना लागू नाही, आणि लहान बेटावर दवाखाना असला तरी मोठं इस्पितळ रोड्सला, म्हणजे बोटीने. गोळ्यांची मूळ औषधी नावं कागदावर लिहून न्या. तातडीचा नंबर ११२. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपच्या सीमेवर आपल्यासारख्या बाहेरच्यांचे बोटांचे ठसे आणि फोटो घ्यायला सुरुवात झाली आहे, त्यामुळे रांगेत वेळ जातो. खुर्चीची मदत विमान कंपनीकडे आधीच मागा. वारा फार झाला की बोटी सुटत नाहीत, म्हणून परतीच्या विमानाआधी एक रात्र रोड्सला ठेवाच. जुलै-ऑगस्ट टाळा, ऊन आणि वारा दोन्ही फार. मे-जून किंवा सप्टेंबर उत्तम. ऑक्टोबरअखेर बहुतेक खोल्या बंद होतात.

आई नोव्हेंबरमध्ये रत्नागिरीला परत गेली. जायच्या आधीचे दोन महिने ती रोज सकाळी एकटी ईस्ट्रॉप पार्कपर्यंत जायची. पहिल्या दिवशी आमच्यापैकी एक जण लपत-छपत मागे गेला होता, हे तिला अजून माहीत नाही, कृपया सांगू नका. तळ्याशी बाकावर बसणाऱ्या एका इंग्लिश आजीबाईंशी ओळख झाली. त्यांना ती 'कालिमेरा' म्हणायची, त्या बिचाऱ्यांना वाटायचं हे मराठी आहे.

आता पुढच्या खेपेच्या व्हिसाचे कागद जमवायला घेतले आहेत. किरियाला दिवाळीत कार्ड पाठवलं होतं, तिचं उत्तर ग्रीकमध्ये आलं, ते रीडिंगच्या एका ग्रीक सहकाऱ्याकडून वाचून घेतलं. खोली राखून ठेवते म्हणते, आणि बटाट्याच्या भाजीत ते काळे बारीक दाणे नव्हते, दुसऱ्या भाज्यांत होते, ते कसले, असं विचारलंय. आईने फोनवर सांगितलं: मोहरी अर्धा किलो घ्या, आणि या वेळी चांगली सुरी न्या.

प्रश्न असतील तर विचारा, नाहीतर वडे.